एकाच ताग्यातलं कापड

सोयाबीनची मळणी सुरू झाली की माझं शिवणयंत्र बंद पडतं. बिघडत नाही, मीच त्याच्यावर चादर टाकते. दसरा होऊन गेलेला असतो. दिवाळीची कापडं घेऊन बाया दारात येतात, 'ताई, ब्लाऊज तेवढा शिवून द्या' म्हणतात, आणि मी काहीतरी सांगून त्यांना परत लावते. पाठ धरलीय म्हणते. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणते. हिंगोलीत राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली, पण इथंही वस्तीपलीकडच्या रानातून मळणीयंत्राची घरघर ऐकू येतेच. वारा तिकडचा असला की भुसकटाची बारीक धूळ ओट्यावर बसते, मानेला खाजते. मग मी डबे पुसायला काढते, भांडी घासते. हातांना कसलंही काम देते, फक्त शिवणाचं नाही.

हा हंगाम खरं तर सुखाचा. पावसाळा सरलेला आणि थंडी अजून वेशीवर. दुपारी ऊन डोकं भाजून काढतं, पहाटे मात्र पायाशी गोधडी ओढून घ्यावी लागते. कपाशीची बोंडं उकलतात, तूर फुलावर येते, हरभऱ्यासाठी रान ओलवायची घाई असते. घरात पोत्यांना पोती लागतात आणि त्यांच्या मागं उंदीर फिरतात. माणसं दमलेली असतात, पण खुशीत असतात. ती खुशी बघितली की मला आपण कुणाच्या तरी ताटातलं जेवतोय, असं वाटत राहतं.

नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. माझं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. माहेर कळमनुरीचं, सासर जवळा बाजारपासून आत, खडीच्या रस्त्यावरचं. मी बारावी झालेली, शिवणक्लास केलेली; म्हणून वडिलांनी लग्नात पायमशीन दिलेलं. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. थोरल्या दिरांना सगळं घर दादा म्हणायचं. त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला मी पहिल्या दिवसापासून आक्का म्हणत आले. त्यांची लेक सोनी, नुकती बोलायला शिकलेली. आणि आम्ही दोघं.

आक्का माझ्याहून थोडीशीच मोठी. दहावी झालेली, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. घरात आली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती. जावाजावांचं जमत नाही म्हणतात. आमचं का जमलं ते मला माहीत नाही. एवढंच आठवतं, की मी सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात माझी भाकरी तव्यावर फाटली तेव्हा तिनं ती गपकन उचलून स्वतःच्या ताटात टाकली होती, आत्या बघायच्या आत.

त्या साली श्रावणात मी बहिणीच्या बाळंतपणाला नांदेडला गेले होते. मशीनच्या सुया घ्यायला एका दुकानात शिरले, तर भिंतीवर खिळ्याला जाड खाकी कागदाचे तुकडे टांगलेले. पुढचा भाग, पाठीचा भाग, बाही, गळा, सलवारीचे तुकडे. सगळे आधीच कापलेले. दुकानदार म्हणाला, "फर्मा है बहनजी. कपड़े पे रखो, खडू फिराओ, काटो. माप की झंझट नहीं." क्लासमध्ये आम्ही वहीत आकडेमोड करून, वर्तमानपत्रावर आखून, चार वेळा खोडून कटिंग शिकलो होतो. आणि इथं कुणीतरी, कुठल्या तरी शहरात बसून, न पाहिलेल्या बाईचं अंग कागदावर उतरवून विकायला ठेवलेलं! पंजाबी ड्रेसचा फर्मा होता. प्रत्येक तुकड्यावर शिक्का: छाती ३४. मी तो घेतला. माझं माप बत्तीस. चौतीस आक्काचं होतं.

आमच्या घरात सुना साडीतच असायच्या, डोक्यावर पदर. पोरींनी ड्रेस घालावा, सुनांनी नाही. आत्यांचं म्हणणं सरळ होतं: "सून हाय का कालेजातली पोरगी, हे लांबून कळलं पायजे." आक्कानं लग्नाआधी कधी ड्रेस घातला नव्हता, कारण तेव्हा तिच्या गावात तो पोचलाच नव्हता. आणि पोचला तोवर ती सून झाली होती. हे तिनं मला एकदा खुरपताना सांगितलं होतं, हसत हसत.

फर्मा दाखवला तेव्हा तिनं आधी दाराला कडी लावली. मग एक एक तुकडा जमिनीवर मांडून पाहिला. पाठीचा भाग आपल्या अंगाला लावला आणि मला विचारलं, "ही कोणाची पाठ असंल गं?"

"कोणाचीच न्हाई. अंदाजानं काढत्यात."

"अंदाजानं माझी बराबर निघाली म्हण की," ती म्हणाली आणि खूश झाली.

पहिला प्रयोग जुन्या चादरीवर केला. फर्म्यासोबत हिंदीत छापलेली चिठ्ठी होती. तिच्यात शिलाईसाठी कापड वेगळं सोडा असं लिहिलेलं आम्ही वाचलंच नव्हतं. क्लासमध्ये त्या सोडलेल्या कापडाला 'माया' म्हणायला शिकवलं होतं, पण कागद इतका ठाम दिसत होता, की त्याच्या कडेनं कापलं की झालं असं वाटलं. शिवून आक्काच्या डोक्यावरून घातला तर तो खांद्यात अडकला. हात वर, तोंड आत, ना वर निघे ना खाली उतरे. आतून आवाज, "मंगल, मरते गं मी! काढ!" मी ओढतेय आणि हसतेय, ती आत कोंडलेली हसतेय, चादर टरकन फाटली. बाहेरून आत्या ओरडल्या, "काय खिंकाळून राहिल्या गं दोघी?" आक्का फाटक्या चादरीतून म्हणाली, "उंदीर व्हता आत्या, उंदीर!"

ते हसणं मला अजून ऐकू येतं. भुसकटासारखं. झटकलं तरी अंगावर राहतं.

पुढच्या बाजाराला आम्ही जवळ्याला गेलो. मोरपंखी रंगाचं कापड होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. मी माझ्यासाठी दुसरं, गुलाबी, बघून ठेवलं होतं. आक्का म्हणाली, "न्हाई. दोघींला एकाच ताग्यातलं घेऊ. बोलणी बसली तं दोघींला बराबर बसतील." दुकानदारानं तागा फळीवर आपटत उलगडला, आणि त्या निळ्याहिरव्या लांबीतून आधी तिचं कापलं, मग माझं.

दुपारी आत्या लवंडल्या की आमचं काम चालायचं. आधी तिचा ड्रेस, कारण ती मोठी, आणि फर्माही तिच्याच मापाचा. माझ्यासाठी मी त्याच कागदाच्या दोन्ही अंगांनी बोटभर आत खडू मारायची. गळ्याला पाठीमागून धावदोरा घालून आक्का मला उभं करायची, मी तिला. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. शिवणाच्या कामात दुसरं माणूस लागतंच. तिची बोटं जाड होती, पण खांद्यावर टाचणी लावताना ती इतकी हळू लावायची, की मला झोप यायची.

एकदा पकडलो गेलो. दादा दाभण शोधत आत आले. सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवायची होती. आक्कानं घाईत फर्म्यावर बसकण मारली.

दादा म्हणाले, "ऊठ. फाटंल ते."

"काय फाटंल?"

"ज्याच्यावर बसली ते."

ती उठली. त्यांनी कागदाचा तुकडा उचलून उलटासुलटा पाहिला. शिक्का वाचला आणि कान लाल करून घाईनं खाली ठेवला. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "सुगी होऊ द्या. आईला मी बोलतो. पाडव्याला समदे औंढ्याला जाऊ देवाला, तिथं घाला दोघी. देवाच्या दारात आई काय बोलायची न्हाई." दारातून पुन्हा वळले. "माझ्या शर्टाचा निघतो का ह्याच्यात?"

"तुमचं वेगळं असतंय," मी म्हणाले.

"असू दे. आमाला दाभणच बरं."

दादा असे होते. कमी बोलायचे, आणि बोलले ते करायचे.

आक्काचा ड्रेस पुरा झाला त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू आत्याजवळ बस जरा." मी अंगणात आत्यांबरोबर ज्वारी निवडत बसले, नको तितके खडे काढत. आतल्या खोलीत दादा गेलेले. थोड्या वेळानं आक्का साडीत बाहेर आली. चेहरा असा, जसा काही तापातून उठलेला. मी हळूच विचारलं, "काय म्हणले?" ती म्हणाली, "काय न्हाई," आणि सोनीला कडेवर घेऊन उगाचच अंगणभर फिरत राहिली. काय म्हणाले ते तिनं कधीच सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

हरभऱ्याचं रान ओलवायचं चाललं होतं. त्या आठवड्यात लाईट दिवसा यायची. दोघा भावांच्या पाळ्या ठरलेल्या. आज एकानं मोटर चालू करायची आणि दांडानं पाणी फिरवायचं, उद्या दुसऱ्यानं. त्या दिवशी पाळी दादांची होती. हे मी मुद्दाम लिहितेय. नंतर लोक फार विचारायचे, "त्या दिशी पाळी कोणाची व्हती?" लोकांना वाटायचं, अदलाबदल झाली असावी, धाकट्याची पाळी थोरल्यानं घेतली असावी. तसं काही नव्हतं. पाळी दादांचीच होती, ते आपल्या पाळीला गेले. आमचे हे त्यांच्या मागून बियाण्याची पिशवी द्यायला गेले, एवढंच.

आम्ही दोघी आत माझ्या ड्रेसच्या बाहीवर होतो. शेजारच्या मळ्यातला माणूस धावत आला आणि अंगणातूनच ओरडला, "मळ्यात चला! तुमच्या माणसाला करंट लागला!"

तुमच्या माणसाला. कोणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही. त्याच्या लेखी आम्ही एकच घर होतो. आम्ही तशाच निघालो, अनवाणी, डोक्यावर पदर नाही. मळ्याची वाट काळ्या रानातून जाते. ढेकळं उन्हानं कडक झालेली. आक्का माझ्याजवळ, अगदी खांद्याला खांदा लावून धावत होती. दोघींपैकी कुणीच बोलत नव्हतं. पण मी आतून बोलत होते. हे नको, हे नको, देवा, हे नको. पावलागणिक तेवढंच. आणि जिथं दोनच माणसं आहेत तिथं असं म्हणण्याचा दुसरा अर्थ काय होतो, ते मला धावतानाही कळत होतं.

बांधावर चढलो आणि विहिरीजवळ मला हे दिसले. उभे. डोक्याला दोन्ही हात लावलेले, पण उभे.

माझे पाय थांबले. आक्काचे थांबले नाहीत.

त्या एका क्षणात मला बरं वाटलं. दुसरा शब्द नाही. थंड पाणी घशाखाली उतरल्यासारखं बरं वाटलं. मग आक्काची किंकाळी आली आणि मी पण धावले, पण ते बरं वाटणं होऊन गेलं होतं. स्टार्टरच्या पेटीपाशी चिखल होता, दादांचे हात ओले होते, आत कुठंतरी वायर उघडी पडलेली. सगळं नंतर कळलं. कळून काय करायचं?

पुढचं सगळं घराघरात होतं तसं झालं. आक्काचा आवाज गेला. बोलायची, पण खणखणीतपणा निघून गेला. आत्या भिंतीला टेकून बसायच्या आणि दिवसातून अनेकदा विचारायच्या, "जेवला का तो?" तो म्हणजे कोण, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. दोन्ही ड्रेस, एक पुरा आणि एक अर्धा, मी ट्रंकेच्या तळाशी घातले, फर्म्यासकट. मशीनवर चादर टाकली.

मग मी एक जगणं सुरू केलं, जे मला तेव्हा फार चांगलं वाटायचं. काचेच्या बांगड्या कमी केल्या, वाजू नयेत म्हणून. नवी साडी घेतली नाही. हे गजरा घेऊन आले तर तो देव्हाऱ्यात ठेवून दिला. संक्रांतीला वाण घेऊन कुणाच्या दारी गेले नाही, वडाला गेले नाही. हे रानातून आले की मी आत निघून जायची. अंगणात आक्का असायची ना. ह्यांना सांगून ठेवलं होतं, मला मोठ्यानं हाक मारायची नाही. दिवस गेले तेव्हा पोट दिसेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, सैल पदर घेऊन वावरले. गावात बाया म्हणायच्या, "धाकटी लई गुणाची. जावंसाठी सगळं सोडलं लेकरानं." ते ऐकून मला आतून ऊब यायची आणि लगेच त्या उबेची लाज वाटायची.

ह्यांचं काय होत होतं, तिकडं माझं लक्ष नव्हतं. भाऊ त्यांचा गेला होता. विहिरीवर ते रोज जात होते, त्याच पेटीपाशी. घरी येऊन बघतात तर बायको तोंड फिरवून आत. एकदा ते एवढंच म्हणाले, "मी जिता हाय, ह्याचा राग हाय का तुला?" मी ताट वाढायला आत गेले. राग नव्हता. पण जे होतं त्याचं नाव मला येत नव्हतं.

दोनेक वर्षं अशी गेली. आक्काचा अंगणवाडीसाठी अर्ज मंजूर झाला. शेजारच्या गावात जागा, आणि त्याआधी हिंगोलीला राहून प्रशिक्षण. निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्या खोलीत आली, दाराला कडी लावली आणि ट्रंक उघडायला लागली.

"काय पायजे, आक्का?"

"माझा ड्रेस."

तिनं तो काढला. घड्यांवर रंग थोडा उतरला होता. डोक्यावरून घातला, आणि ह्या वेळी तो कुठंच अडकला नाही. अंगावर नुसता लटकला. आक्काचं भरलेलं अंग कधी गेलं, ते मी रोज समोर असून पाहिलं नव्हतं.

"आत घे दोन्ही बाजूनं," ती म्हणाली. "तिकडं समद्या ड्रेसातच असत्यात म्हणं. साडी रोज कोण धुईल?"

मी टेप घेतला. तिच्या छातीभोवती फिरवला. आकडा वाचता येईना. डोळ्यात पाणी.

आक्का भिंतीकडं तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "तुझ्या बांगड्या वाजत न्हाईत आजकाल."

मी टेप पुन्हा तिच्या कमरेला लावला.

"भाऊजी आले की घरात शिरती. हसू आलं तं पदर तोंडात घालती. मला दिसत न्हाई वाटलं का?"

"आक्का, मला वाटायचं, तुला..."

"मी इसरते गं कधी कधी," ती म्हणाली. "खरं सांगते. सोनीच्या मागं पळताना इसरते. चुलीपुढं इसरते. जरा बरं वाटतंय तवर तू येती दबत दबत, भुंड्या हातानं. मंग मला आठवतंय, आपलं माणूस गेलंय. रोज तूच आठवून देती."

टेप माझ्या हातात लोंबत होता. मला वाटलं, आता सांगून टाकावं. वाटेवरचं, बांधावरचं. म्हणाले, "आक्का, त्या दिवशी आपण पळत होतो ना..."

"माहीत हाय मला."

"काय?"

"तू मनात काय म्हणत व्हती ते." आता ती वळली. "मी बी तेच म्हणत व्हते. माझा नको, माझा नको. मळ्यात दुसरं कोण व्हतं? भाऊजीच की. म्हंजे मी तुझा मागून राहिले व्हते, मंगल. तुझं ऐकलं, माझं न्हाई ऐकलं. मंग आता कोणी कोणाला तोंड लपवायचं?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती रडली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "चल, मशीन उघड. बस सकाळची हाय."

सगळी दुपार मशीन चाललं. आत्यांना ऐकू जात असणारच.

सकाळी आक्का पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा आत्या ओसरीवरच बसल्या होत्या. मोरपंखी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर. मी दारात उभी. सोनी आईकडं टकामका बघतेय. आत्यांनी खालून वर पाहिलं. मग हात पुढं करून बाहीचं कापड दोन बोटांत धरलं.

"कवा घेतलं हे?"

"ते असताना," आक्का म्हणाली.

"त्यानं पाह्यलं व्हतं का?"

"व्हय."

आत्यांनी बाही सोडली. "मंग जाय," म्हणाल्या. "बस चुकंल."

आक्का गेली, शिकली, अंगणवाडीवर लागली आणि आजवर तिथंच आहे. पुढं तिनं कितीतरी ड्रेस वापरले. अंगही पुन्हा भरलं, मोठ्या मापाचे फर्मे आणावे लागले. गावातल्या दुसऱ्या सुनाही हळूहळू यायला लागल्या, 'जरा कागद द्या, पेपरावर गिरवून घेते' म्हणत. आज गावात ड्रेस घातलेली सून बघून कुणी मान वळवत नाही. माझा अर्धा राहिलेला ड्रेस मी नंतर पुरा केला, पण तोवर बाळंतपण होऊन गेलं होतं, अंगाला होईना. दोघींनी जोडीनं घालायचं राहिलं ते राहिलंच.

आणि मी? लोकांना वाटेल, आक्कानं एवढं बोलून मला मोकळं केलं. तिनं केलं. पण असं मोकळं होणं एकदाच होऊन भागत नाही. आमचे हे आता साठीकडं आले. घोरतात, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतात, टीव्हीचा आवाज वाढवतात. मी भांडायला लागते आणि मधेच थांबते. वाटतं, आक्काला विचारावं, घोरण्याचा त्रास म्हणजे काय असतो, ते तिला आठवतं का. सोनीच्या लग्नात कन्यादानाला आम्ही दोघं बसलो. माझा हात ह्यांच्या हाताला लागलेला, वरून पाण्याची धार, आणि आक्का समोर, गर्दीत, ओठ घट्ट मिटून. तेव्हाही माझी मान वर झाली नाही. लग्न लागल्यावर तिनंच येऊन माझी साडी नीट केली.

अपराध केला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तो वाटतो. सोयाबीन काढणीला आलं की जास्त वाटतो.

पण ह्या हंगामातलंच आणखी एक मला धरून ठेवावंसं वाटतं. प्रशिक्षणातून पहिल्या सुट्टीला आक्का घरी आली होती. तोवर रब्बीचं पाणी सुरू झालं होतं. दुपार कलली होती. ती ओट्यावर पाय सोडून सोनीची वेणी घालत होती, मी शेंगा सोलत होते. आत्या खांबाला टेकून डुलक्या घेत होत्या. हे मळ्यातून आले, पाय मांड्यांपर्यंत चिखलानं भरलेले. अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबले आणि आम्हा दोघींना बघून, सवयीनं, आवाज न करता बाजूच्या दगडावर बसले.

मीही सवयीनं उठले, घरात जायला.

"बस," आक्का म्हणाली. सोनीची अर्धी वेणी तशीच सोडून ती माठाकडं गेली, तांब्या भरला आणि आणून माझ्या हातात दिला. तांब्या काठोकाठ भरलेला, पाणी बोटांवरून मनगटावर आलं.

"जा," ती म्हणाली. "जित्या माणसाला पाणी लागतंय."

मी अंगण ओलांडून ह्यांच्याकडं गेले. मागं आक्का पुन्हा सोनीच्या केसांत कंगवा घालत होती आणि तिला हलू नको म्हणून रागावत होती. मोठ्यानं, पहिल्यासारख्या आवाजात.